डंकाच्या हंगामावर बेतलेलं कंटेंट कॅलेंडर: कोल्हापुरातल्या एका चटणी व्यवसायाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण कोल्हापुरातल्या एका घरगुती चटणी व्यवसायाचं आहे. ओळख पटू नये म्हणून नाव, पेठ आणि काही खुणा दिलेल्या नाहीत. छोट्या व्यवसायांच्या मार्केटिंगचं काम करताना वर्षभरात कधी कोणती पोस्ट टाकायची याचं कॅलेंडर सुरू कुठून करायचं, हा प्रश्न सारखा समोर येतो. या घरात तो इतका उघडपणे दिसला की सविस्तर लिहून ठेवावासा वाटला.

घरचा मूळ धंदा मिरची कांडपाचा. गिऱ्हाईक स्वतःची मिरची आणि मसाला घेऊन येतं, डंकावर, म्हणजे कांडपाच्या यंत्रावर, कांडून घेतं आणि वर्षाची चटणी घरी नेतं. ते काम आजही चालू आहे. सासूबाईंनी त्याच्या जोडीला तयार कांदा-लसूण चटणी विकायला काढली. सून घरात आल्यावर पाकिटं, लेबल, फूड लायसन्स, व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरी आणि कुरिअर असा पसारा वाढला. मुलगा मिरचीची खरेदी आणि हिशेब बघतो.

गिऱ्हाईक तीन तऱ्हेचं. पहिलं पेठेतलं आणि आसपासच्या गावांतलं, जे डंकावर येतं. दुसरं पुण्या-मुंबईत स्थायिक झालेलं कोल्हापूरकर, ज्यांना आईच्या हातची चटणी आता मिळत नाही. तिसरं म्हणजे मिसळवाले आणि खानावळी, ज्यांना भाव आणि वेळेवर माल एवढंच हवं असतं. या तिघांचं वर्ष वेगवेगळं चालतं. पुढचा सगळा गुंता त्यातूनच झाला.

धंद्याचं वर्षही समजून घ्यायला हवं. नवी मिरची जानेवारीपासून बाजारात यायला लागते. रंगासाठी हावेरी जिल्ह्यातली ब्याडगी, तिखटपणासाठी संकेश्वरी. संकेश्वरीचे सौदे गडहिंग्लजच्या बाजारात होतात. फेब्रुवारीच्या शेवटापासून ऊन तापलं की मिरची वाळवणं, देठ खुडणं, कांदा तळणं आणि कांडप सुरू होतं, ते पाऊस येईपर्यंत. ओल्या हवेत कांदा-लसणाची चटणी करायची नसते, बुरशी धरते. म्हणजे वर्षभर विकायचा बहुतेक माल उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत तयार होतो. हा धंदा वर्षभर विकतो, पण वर्षभर बनवत नाही.

अडचण

२०२४ मध्ये त्यांनी सोशल मीडियाचं काम बाहेरच्या एका एजन्सीला दिलं होतं. दर महिन्याला तीस पोस्ट, ठरलेली फी. एजन्सीचं कॅलेंडर देखणं होतं, रंगीत चौकोनांचं. त्यात जागतिक हास्य दिन होता, मैत्री दिन होता, रोज सकाळचा सुविचार होता. चटणी कुठेतरी कोपऱ्यात.

दोन पोस्टींनी गोंधळ उडाला. पहिलीत पांढऱ्या रश्श्याचा फोटो होता आणि खाली ‘आमच्या चटणीची कमाल’. पांढरा रस्सा नारळाच्या दुधाचा आणि खसखशीचा, त्यात चटणीचं काय काम? कोल्हापुरातल्या गिऱ्हाइकांनी लगेच विचारलं की चटणी तुम्ही करता की आणून विकता. ज्या धंद्याची सगळी पत ‘आम्ही घरी करतो’ या शब्दावर उभी आहे, त्याला हा प्रश्न फार महागात पडतो.

दुसरी पोस्ट आखाडी मटणाची. दीप अमावास्या २०२४ साली ४ ऑगस्टला, रविवारी आली. एजन्सी रविवारी पोस्ट टाकत नसे, म्हणून ती सोमवारी सकाळी गेली. ५ ऑगस्ट, श्रावणाचा पहिला दिवस आणि तोही श्रावणी सोमवार. उपवासाच्या दिवशी मोबाइल उघडला की तांबड्या रश्श्यात मटणाच्या फोडी. सासूबाईंना नात्यातल्या बायकांचे फोन आले. फोटो काढून टाकला, पण ज्यांनी पाहायचा त्यांनी पाहिला होता.

ही दोन्ही प्रकरणं डोळ्यांत भरणारी होती. धंद्याचं खरं नुकसान मात्र तिसरीकडे होत होतं. मार्च ते मे या काळात घरातल्या कुणालाही मान वर करायला फुरसत नसल्यामुळे एजन्सीला ताजे फोटो, माहिती काहीच मिळत नसे, आणि नेमक्या त्याच काळात लोक वर्षाच्या चटणीचं ठरवत असतात. उलट दिवाळीत एजन्सीने धूमधडाक्यात ऑफर लावली तेव्हा माल संपत आला होता. ऑर्डरी आल्या आणि ‘संपली’ म्हणून परत पाठवाव्या लागल्या. पैसे देऊन गिऱ्हाईक बोलवायचं आणि दारातून परत पाठवायचं, असं ते चाललं होतं.

२०२४ ची दिवाळी झाल्यावर सुनेने मला बोलावलं.

समोर असलेले पर्याय

एजन्सी तीच ठेवून तिला नीट माहिती द्यायची, हा मुलाचा पर्याय. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं: डिझाइन चांगलं होतं, फी परवडत होती. पण हंगामात माहिती देणार कोण, याचं उत्तर नव्हतं.

सून म्हणत होती, मी स्वतः रोज एक पोस्ट टाकते. तिचा हात चांगला आहे, मोबाइलवर व्हिडिओ सुरेख काढते. तिचा दिवस मात्र पहाटे सुरू होतो, घरात शाळकरी मूल आहे, पाकिटं भरून कुरिअर तीच पाठवते. रोजची पोस्ट फार तर महिनाभर चालली असती.

सासूबाईंचा पर्याय सगळ्यांत सरळ होता: हे सगळं बंद करा. ‘माल चांगला असला की माणूस येतंय. फोटो बघून कोण चटणी खातंय?’ पेठेतल्या गिऱ्हाइकापुरतं त्यांचं म्हणणं खरं आहे. पुण्याच्या गिऱ्हाइकाला मात्र यंदाची चटणी तयार झाली हे कुणीतरी कळवावंच लागतं.

चौथा पर्याय चर्चेतून पुढे आला: पोस्ट थोड्या, पण वर्षाचा आराखडा आधी पक्का. महिन्याला तीसच्या जागी पाच-सहा, काही महिन्यांत त्याहूनही कमी. मुलाला भीती होती की पेज ‘मेलेलं’ दिसेल. यावर बराच वेळ गेला. शेवटी निर्णय झाला तो सुनेच्या एका प्रश्नावर: दिवाळीत गेलेल्या तीस पोस्टींपैकी एकतरी बघून कुणी फोन केला का? मुलाने व्हॉट्सॲप चाळून पाहिलं. फोन आले होते ते ऑफरच्या पोस्टवर, आणि तेव्हा माल नव्हता.

काय केलं

जमिनीवर मोठा कागद पसरला आणि बारा महिन्यांचे उभे रकाने आखले. आडव्या ओळी तीन. वरच्या ओळीत माल: कधी बनतो, कधी किती शिल्लक असतो. मधल्या ओळीत गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात त्या महिन्यात काय चाललेलं असतं. खालची ओळ पोस्टची, आणि पहिल्या दोन पूर्ण भरल्याशिवाय तिला हात लावायचा नाही असं ठरलं.

वरची ओळ मुलाने अर्ध्या तासात भरली. मधली ओळ सासूबाईंनी सांगितली आणि तिला बराच वेळ लागला, कारण त्यांना महिने इंग्रजी नव्हे, मराठी माहीत. कालनिर्णय हातात घेऊन एकेक महिना लावला. आषाढात त्र्यंबोलीची यात्रा, गल्लोगल्ली पी-ढबाक वाद्यांच्या तालावर पंचगंगेचं नवं पाणी देवीला जातं आणि घरोघरी तांबडा रस्सा शिजतो. जूनमध्ये शिकायला बाहेर निघालेल्या पोरांच्या पिशवीत चटणीची बरणी जाते. भाऊबीज उरकून लेक-जावई परत निघतात तेव्हा आई पुन्हा एक बरणी बांधून देते. थंडीत भरीत आणि भाकरी. या एका ओळीत जेवढं मार्केटिंग होतं तेवढं एजन्सीच्या वर्षभराच्या कॅलेंडरात नव्हतं.

मग पोस्ट ठरल्या. जिथे माल आहे आणि स्वयंपाकघरात गरजही आहे तिथेच. जानेवारी-फेब्रुवारीत यंदाची मिरची कशी आहे, रंग कसा, तिखटपणा कसा, हे सांगायचं आणि बुकिंग उघडायचं. मार्च ते मे डंकावरचं काम दाखवायचं. जूनमध्ये साठवणीची माहिती: कोरडा चमचा, काचेची बरणी, हिंगाचे खडे, थर दाबून भरणं. जुलै-ऑगस्टचा मोठा भाग मुद्दाम मोकळा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गही बंद पडला होता. त्या दिवसांत ‘तीन दिवसांत घरपोच’ असं कुठेच लिहायचं नाही, असं कागदावरच नोंदवलं.

अडलेले निर्णय

पहिला अडला श्रावणावर. पुष्कळ घरांत श्रावणात कांदा-लसूण बंद असतो. सुनेला वाटत होतं, बिनकांदा-लसणाचं तिखट काढू, त्याची स्वतंत्र पोस्ट करू. व्यवसायाच्या दृष्टीने कल्पना उत्तम होती, मीही तिच्या बाजूने होते. सासूबाईंनी एकच विचारलं: ‘ज्या डंकात लसूण कांडला, त्यातलं तिखट बिनलसणाचं म्हणून कुणाच्या उपासाला द्यायचं?’ वेगळा डंक बसवायचा तर खर्च आणि जागा, दोन्ही नव्हतं. श्रावणात विक्रीची पोस्ट नाही, असं ठरलं. तो महिना फोटो लावून ठेवणं, जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर तपासणं आणि त्यांच्याकडून पाककृती मागवणं याला दिला. या निर्णयाचा मला फार आदर वाटतो. गप्प कधी बसायचं हे कॅलेंडरात क्वचितच लिहिलेलं असतं.

दुसरा चित्रीकरणाचा. वर्षभराची दृश्यं हंगामातच मिळतात, म्हणून मार्चमधला एक दिवस त्यासाठी बाजूला काढला. डंकावर पाच-सहा बायका कामाला असतात. त्यांना कॅमेऱ्याचं विचारलं तर दोघी हसून तयार झाल्या, एक मावशी मात्र म्हणाल्या, ‘माझं तोंड नको दावू बाई, हात दाव. काम हातच करत्यात.’ मुलाला चेहरे हवे होते, चेहऱ्यांना लोक जास्त थांबतात असं त्याचं मत. पण एकीचा चेहरा नाही आणि बाकीच्यांचा आहे असं करण्यापेक्षा सगळ्यांचे हातच घ्यायचे ठरलं.

त्या दिवशीचं जे निघालं ते मी अजून विसरलेले नाही. उन्हात पसरलेल्या ब्याडगीच्या सुरकुतलेल्या शेंगा, देठ खुडताना होणारा बारीक कट्ट आवाज, कढईत तांबूस होत गेलेला कांदा, आणि डंक सुरू झाला की श्वास रोखून चाळणी फिरवणारे, कोपरापर्यंत लाल झालेले हात. ठसका लागून मध्येच कुणीतरी खोकतं, तो आवाजही ठेवला. यातून छोटे छोटे व्हिडिओ कापून सुनेने पुढच्या महिन्यांसाठी तयार ठेवले आणि मेटा बिझनेस सूटमध्ये (फेसबुक-इन्स्टाग्रामच्या पोस्ट आधी लावून ठेवायचं साधन) तारखा लावल्या.

तिसरा वाद शुभेच्छांच्या पोस्टचा. सगळ्या काढून टाकाव्यात, हे माझं मत होतं. मुलगा म्हणाला, तालमीतली पोरं, शेजारीपाजारी, कुणाला वाईट वाटायला नको. शेवटी मोजक्या ठेवल्या: शिवजयंती, पाडवा, २६ जूनची शाहू जयंती, घटस्थापना आणि दिवाळी. अट एकच, त्या पोस्टवर मालाचं नाव, भाव किंवा फोन नंबर नसेल.

कोण काय करणार तेही कागदावर आलं. फोटो आणि लिखाण सुनेचं. विक्रीची पोस्ट जाण्याआधी शिल्लक मालाचा आकडा मुलाने द्यायचा, नाही दिला तर पोस्ट थांबते. आणि खाण्याच्या पदार्थाबद्दलचं कुठलंही वाक्य सासूबाईंनी ऐकल्याशिवाय जायचं नाही. पहिल्याच महिन्यात त्यांनी ‘पचनाला उत्तम’ हे शब्द काढायला लावले. ते कायद्याच्या अंगानेही बरं झालं, कारण खाद्यपदार्थांच्या जाहिरातींतल्या दाव्यांवर २०१८ च्या नियमांची बंधनं आहेत आणि आरोग्याचा दावा पुराव्याशिवाय करता येत नाही.

फलित

२०२५ च्या जानेवारीत मिरचीची पहिली पोस्ट गेली आणि येणाऱ्या प्रश्नांचा सूर बदलला. आधी ‘भाव काय?’ एवढंच यायचं. आता लोक विचारू लागले, यंदा संकेश्वरी किती घालताय, मुलांसाठी कमी तिखट मिळेल का, आमची मिरची पाठवली तर कांडून द्याल का. पुण्याकडची बुकिंग हंगामाआधीच येऊ लागली. त्यामुळे किती मिरची घ्यायची याचा मुलाला अंदाज आला, आणि त्याच्या लेखी कॅलेंडरचा खरा फायदा हाच.

कसोटी लागली मे महिन्यात. २०२५ ला वळवाने मेच्या उत्तरार्धातच झोडपलं आणि २५ मे रोजी मॉन्सून महाराष्ट्रात दाखल झाला. कोल्हापूरकर ज्या भरवशावर जूनच्या तोंडापर्यंत मिरची वाळवतात तो भरवसाच उरला नाही. कॅलेंडरात ‘शेवटचं कांडप’ म्हणून मे अखेरच्या पोस्ट तयार होत्या, त्यांत छान ऊन पडलेलं. बाहेर पाऊस कोसळत होता. सुनेने त्याच दिवशी त्या थांबवल्या आणि साध्या शब्दांत लिहिलं: पाऊस लवकर आल्यामुळे यंदा कांडप थांबवत आहोत, ओल्या मिरचीची चटणी आम्ही करणार नाही, बुकिंग झालेल्यांना माल मिळेल, बाकीच्यांनी विचारून घ्यावं. सोबत झाकून ठेवलेल्या डंकाचा फोटो. त्या वर्षी सर्वांत जास्त लोकांनी पुढे पाठवलेला मजकूर हाच. तो कॅलेंडरात नव्हता, पण कॅलेंडर असल्यामुळेच काय थांबवायचं ते लगेच सापडलं.

श्रावण २५ जुलैला सुरू झाला आणि पेज महिनाभर जवळजवळ शांत राहिलं. त्याने कुणी दूर गेल्याचं दिसलं नाही. दिवाळीसाठी मुलाने काही माल बाजूला ठेवला होता. पोस्टमध्ये ‘एवढीच पाकिटं आहेत’ असं स्पष्ट लिहिलं. ती संपली त्या दिवशी संपल्याची पोस्ट गेली. परत पाठवण्याची नामुष्की आली नाही.

जमलं नाही ते असं. मिसळवाल्यांवर आणि खानावळींवर कॅलेंडरचा काडीचा परिणाम झाला नाही. ते पूर्वीसारखेच मुलाच्या फोनवर चालतात. आणि इन्स्टाग्रामवर डंकाचे व्हिडिओ दूरदूरच्या लोकांनी पाहिले, कौतुक केलं, पण ऑर्डरी व्हॉट्सॲपवरूनच आल्या.

वेगळं काय करता आलं असतं

व्हॉट्सॲपचं काम सर्वांत आधी घ्यायला हवं होतं. ब्रॉडकास्टचा निरोप ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो, आणि अनेक जुन्या गिऱ्हाइकांनी तो केलेलाच नव्हता. पाकिटावर ‘हा नंबर सेव्ह करा’ एवढी ओळ पहिल्या दिवसापासून छापली असती तर हंगामातले निरोप कितीतरी घरांत पोचले असते. ती ओळ ऑगस्टमध्ये छापली गेली.

ज्यांत भाव आधीच लिहून ठेवला होता त्या पोस्टही टाळता आल्या असत्या. मिरचीचा भाव आठवड्यागणिक हलतो. एप्रिलची एक पोस्ट जुन्या दराने गेली आणि ज्यांनी ती पाहून मागणी केली त्यांना त्याच दराने माल द्यावा लागला. आता आधी तारीख लावलेल्या कुठल्याही पोस्टमध्ये दर नसतो, तो त्या दिवशी व्हॉट्सॲपवर कळवला जातो.

मिसळवाल्यांसाठी पोस्ट करण्यात वेळ घालवण्याऐवजी सुरुवातीलाच त्यांना कॅलेंडरातून वगळून, त्यांच्यासाठी महिन्यातून एक ठरलेला फोन ठेवला असता तर बरं झालं असतं. डंकावरच्या बायकांना व्हिडिओ कुठे, किती लोक पाहणार हे चित्रीकरणाआधी मोबाइलवर दाखवून सांगायला हवं होतं. ते नंतर केलं.

शेवटचा मुद्दा तारखांचा, आणि तो मराठी माणसांना विकणाऱ्या प्रत्येकाला लागू आहे. २०२५ चं कॅलेंडर चांगलं चाललं म्हणून मुलगा ते तसंच २०२६ ला उतरवायला निघाला होता. पण २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे पुढचे सगळे सण उशिरा येतात. २०२५ ला २५ जुलैला लागलेला श्रावण २०२६ ला १३ ऑगस्टला लागतो. गणेश चतुर्थी २७ ऑगस्टवरून १४ सप्टेंबरला जाते, लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरवरून ८ नोव्हेंबरला. म्हणजे आषाढ पुराच्या ऐन दिवसांत येतो आणि दिवाळीपर्यंत माल पुरवायचे अडीच आठवडे वाढतात. जुन्या तारखांवर पोस्ट लावल्या असत्या तर आखाडी रश्श्याचा व्हिडिओ यात्रेच्या कितीतरी आधी गेला असता. सासूबाईंनी कालनिर्णय काढला आणि सुनेने मधली ओळ पुन्हा नव्याने लिहायला घेतली. दिवाळीसाठी बाजूला ठेवायच्या मालाचा आकडा मुलाने तेव्हाच वाढवला. तो पुरेल का, हे ऑक्टोबरमध्ये तपासायचं असं त्याच कागदाच्या कडेला लिहिलेलं आहे.